तोट्यातली तूट

आमचे भावजी पाणी फोडतात. हा त्यांचा छंद नाही, नोकरी आहे. ताईचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या एका दूरच्या काकांनी "मुलगा करतो काय?" असं विचारलं, आणि भावजींनी स्वतःच पुढे होऊन सांगितलं, "पाणी फोडतो." काकांनी बराच वेळ विचार केला आणि मग चाचरत विचारलं, "हातोडीने की कसं?"

झालं. भावजींच्या कामाबद्दल कुणी दुसरा प्रश्न विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यांनी काकांना सोडलं नाही. माणसं जेवून उठली, ताटं उचलली गेली, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, तरी एका कोपऱ्यात काका तसेच भिंतीशी दाबलेले आणि समोर भावजी. त्यानंतर काकांनी कुठल्याही लग्नात मुलगा काय करतो हे विचारलेलं आमच्या ऐकिवात नाही. मुलगा आहे ना, मग झालं, म्हणतात.

तर त्याचं असं आहे. पाण्यात क्षार कालवायचा, त्यात धातूच्या दोन प्लेटा उभ्या करायच्या आणि वीज सोडायची. एका प्लेटीवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, दुसरीवर ऑक्सिजनचे. मधे एक पडदा असतो, फुटून वेगळ्या झालेल्या दोघांची पुन्हा गाठ पडू नये म्हणून. अशा एका जोडीला म्हणायचं सेल. असे कितीतरी सेल एकमेकांना चिकटवून त्यांची लांबलचक चळत केली, की झाला भावजींचा कारखाना. हायड्रोजन टाक्यांत भरून विकतात आणि ऑक्सिजन हवेत सोडून देतात. हे आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती म्हणाली होती, "अगंबाई, ज्याच्यावर जगायचं तेच सोडून देतात? आणि कुणी काही बोलत नाही?"

पण भावजींचा जीव हायड्रोजनमध्ये नाही. हायड्रोजन काय, कुणीही काढेल. त्यांचा जीव अडकलाय तो वाया जाणाऱ्या विजेत. सेलला दिलेली सगळीच्या सगळी वीज पाणी फोडायच्या कामी येत नाही. बरीचशी वाटेतच खर्ची पडते आणि तिची नुसती उष्णता होते. हा जो तोटा, तो कुठे किती होतो हे बघणं हे भावजींचं काम. आणि हा तोटा सेललाच होतो असं नाही, तो समस्त मनुष्यजातीला लागू आहे, असं त्यांचं ठाम मत आहे.

"छोट्या," ते मला म्हणतात. माझे केस पांढरे झालेत, पण ताईच्या सासरी मी छोट्याच. "छोट्या, प्लेटीवर कुठलीही गोष्ट आपण होऊन सुरू होत नाही. हिशेबाने जेवढं ढकलायला हवं, त्याहून जास्त ढकलावं लागतं. तुला सकाळी अंथरुणातून उठवायला तुझी बायको जेवढी शक्ती लावते, तेवढं काम तू दिवसभरात करतोस का? नाही ना? हा पहिला तोटा."

मग वाटेतला अडथळा. वीज क्षाराच्या पाण्यातून जाते, पडद्याच्या बारीक भोकांतून जाते आणि जाता जाता दमते. ताईने आतून "गॅस बंद करा" असं ओरडावं आणि भावजींपर्यंत ते "बंद करा" एवढंच पोचावं, आणि त्यांनी टीव्ही बंद करावा, असं त्यांच्या घरी नेहमी होतं. भावजी याला स्वतःचा दोष मानत नाहीत. माध्यमाचा मानतात.

पण खरा जिव्हाळ्याचा विषय म्हणजे बुडबुडे. तिथे त्यांचा आवाज हळवा होतो. बुडबुडा तयार झाला की त्याने प्लेट सोडून वर जायला हवं. पण तो जात नाही. चिकटून बसतो. तो बसलाय तोवर प्लेटीचा तेवढा भाग बिनकामाचा. भावजींच्या मते पाहुण्यांचं अगदी हेच असतं. "चला, निघतो" म्हणून उठतात, दारापर्यंत येतात, एक हात कडीवर ठेवतात आणि तिथेच चिकटतात. ना आतला बाहेर जाऊ शकत, ना बाहेरचा आत येऊ शकत. कारखान्यात असे बुडबुडे सोडवायला पाण्याचा जोर वाढवतात. घरी भावजी उठून पंखा पाचावर करतात. ऐन थंडीत त्यांच्या दारातून मी स्वतः असा दोनदा सुटलेलो आहे.

जगात लोक एकमेकांना पाण्यात पाहतात. भावजीही सगळ्यांना पाण्यातच पाहतात, फक्त प्रेमाने. तरीही परिणाम व्हायचा तोच झाला. त्यांचं बोलणं कुणी ऐकेना. कारखान्यातले लोक ते येताना दिसले की हातातलं काम टाकून दुसरं काम उचलत. ताईने लग्नानंतर वर्षभर ऐकलं, मग घरात लेकरं आली आणि रडणारं मूल ही केवढी सोय असते हे तिला कळलं. भावजी आपले पालथ्या घड्यावर पाणी घालत राहिले. पाण्याची त्यांना सवयच होती.

अशात आई त्यांच्याकडे गेली.

आईची पाठ धरली होती. चार दिवस लेकीकडे राहून येते म्हणाली. ताईचं घर म्हणजे कारखान्याच्या आवारातल्या क्वार्टर्समधलं शेवटचं घर. तीन खोल्या एकामागे एक, रेल्वेच्या डब्यासारख्या. शेवटची खोली स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागच्या भिंतीत एक जाड पाइप. त्याचं कारण असं, की सेल फार तापू नयेत म्हणून त्यांच्या बाजूने गार पाणी खेळवतात. ते पाणी सेलची उष्णता घेऊन पाइपातून आवाराच्या दुसऱ्या टोकाला जातं. तिथे कूलिंग टॉवर आहे. त्याच्या डोक्यावरचा भला मोठा पंखा ती उष्णता आकाशात उडवून देतो. पाणी गार होऊन परत कामाला. आता क्वार्टर्स बांधायला घेतली तेव्हा पाइप मधे येत होता. गवंड्याला तो हलवायचा कंटाळा आला. त्याने पाइप होता तिथेच ठेवून त्याच्याभोवती भिंत बांधली.

आई स्वयंपाकघरात शिरली, पाटावर बसली, सहज पाठ टेकली आणि म्हणाली, "अगंबाई, ही भिंत जिवंत आहे!"

त्या चार दिवसांची पुढे वर्षं झाली. मी फोन करायचो, "आई, आता आमच्याकडे ये की. तुझ्यासाठी खोली रिकामी केलीय, खिडकीत ऊन येतं."

"तुझ्याकडे भिंती थंड आहेत रे."

"हीटर आणतो."

"हीटरला पाठ टेकता येते का?"

ज्या माणसाची आई बहिणीच्या माडीवर भाळली असेल त्याचं मी समजू शकतो. माझी आई भिंतीवर भाळली. मत्सर तरी कुणाचा करायचा?

त्या गावची हवा दमट. कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, रजया तर आठवडाभर चिंब. शेजारणीने एकदा बिचकत विचारलं, "मावशी, तुमच्या भिंतीला जरा चादर लावू का?" आईने लावू दिली. चादर तासाभरात कुरकुरीत. मग काय, बातमीला पाय फुटले. सगळ्या क्वार्टर्सच्या रजया, चादरी, कामगारांच्या खाकी विजारी ताईच्या स्वयंपाकघरात येऊ लागल्या. आईने खिळे ठोकून घेतले, दोऱ्या बांधल्या आणि स्वतः मधोमध बसून कारभार सुरू केला. तान्हं मूल असलेलीचे कपडे आधी. मग आजारी माणसाच्या घरचे. कपडे न पिळता आणणारी रांगेत शेवटी. वाद नाही, अपील नाही. न्यायाधीशाची पाठ भिंतीला आणि भिंत कारखान्याला.

आणि संध्याकाळी कामावरून आले की भावजी हातपाय धुऊन आईसमोर बसत आणि सुरू होत. बुडबुडे, प्लेटा, पडदा. आई डोळे मिटून ऐके. मधेच "अगंबाई" म्हणे. कधी "मग हो?" म्हणे. भावजींच्या चेहऱ्यावर तेव्हा जे तेज येई, ते ताईच्या म्हणण्याप्रमाणे लग्नाच्या फोटोतही नाही.

"आई खरंच ऐकते?" मी ताईला विचारलं.

"छे रे, झोपते! तिला झोप मिळते, ह्यांना श्रोता मिळतो. दोघांचं भागतंय. तू मधे पडू नकोस."

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना कारखान्यावर नव्या मॅडम आल्या. वय लहान, चष्मा मोठा. आल्या आल्या त्यांनी भावजींना बोलावलं.

"सेलमधून उष्णता किती निघते?"

भावजींनी सांगितलं. ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं.

"आणि टॉवरला पोचते किती?"

भावजींनी तेही सांगितलं, आणि सांगता सांगताच त्यांची जीभ जड झाली.

"कमी आहे," मॅडम म्हणाल्या.

"कमी आहे," भावजी म्हणाले.

"म्हणजे आपला जो तोटा आहे तो पुरता पोचत नाही. वाटेत त्यातही तूट येतेय. कुठे येतेय ते शोधा."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, "बाई, जे टाकायलाच निघालो होतो ते वाटेत सांडलं, चांगलंच झालं की!" पण भावजींनी तो तोटा पोटच्या पोरासारखा सांभाळलेला. रोज त्याचं तापमान घेतलेलं. आणि त्याला कुणीतरी वाटेत गाठून लुटतंय! त्या दिवशी ते जेवले नाहीत. "माझ्या तोट्याला हात लावला कुणी?" एवढंच पुटपुटत होते.

दुसऱ्या दिवशी थर्मामीटर घेऊन ते पाइपाच्या कडेकडेने निघाले. थोड्याच अंतरावर पहिला संशयित सापडला. फाटकावरच्या वॉचमनचा कुत्रा पाइपावर ताणून झोपला होता.

"हा इथे रोज झोपतो?"

"रोज कुठे साहेब? उन्हाळ्यात नाही झोपत."

"उचला त्याला."

वॉचमनने कुत्र्याला उचललं. भावजींनी तापमान घेतलं. मग कुत्र्याला पुन्हा पाइपावर ठेवलं आणि पुन्हा घेतलं. पुन्हा उचललं. कुत्र्याला वाटलं आपलं कौतुक चाललंय. तो भावजींचा हात चाटू लागला, त्यामुळे एक मोजमाप फुकट गेलं. अखेर भावजींनी निकाल दिला, "कुत्रा निर्दोष आहे."

"मी म्हणणारच होतो साहेब," वॉचमनचा ऊर भरून आला. "खाल्ल्या अन्नाला जागणारा आहे तो."

पाइप पुढे क्वार्टर्समध्ये शिरत होता. शेवटच्या भिंतीच्या अलीकडे पाणी चांगलं गरम, पलीकडे बरंच कोमट. भावजींनी तीन-तीनदा पाहिलं. मग मान वर करून पाहिलं, तर ते स्वतःच्या घरामागे उभे होते.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. रोज संध्याकाळी ज्या भिंतीसमोर बसून ते तोट्यावर बोलत, ती त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. पाहिली ती आता, दारात उभं राहून. सात रजया, चादरींची उतरंड, दुपटी, विजारी, एका कोपऱ्यात मोठ्या प्रेमाने पसरलेली एक निळी शाल, आणि मधोमध आई. सगळ्यातून वाफ निघत होती.

"आई, जरा उठता?"

"का हो? पाल आहे का?"

"नाही. तूट आहे. तुमच्या पाठीमागे."

आईने मागे वळून पाहिलं. तिला काही दिसलं नाही. ताई मात्र नवऱ्याचा चेहरा वाचण्यात तरबेज. ती हातातलं लाटणं घेऊनच पुढे आली.

"सापडली ना? मग गप्प बसा आता. कुत्र्याने खाल्ली म्हणून सांगा."

"तो निर्दोष आहे. तसं मी सांगून बसलोय."

"मग वॉचमनवर घाला!"

"अगं, ती उष्णता आहे. ती कुणावर घालता येत नाही. असते तिथेच असते."

"आणि भिंत गार झाली तर आई राहील इथे?"

भावजींनी मनातल्या मनात हिशेब मांडला. भिंत गार झाली की आईची पाठ धरणार, पाठ धरली की आई छोट्याकडे जाणार, आणि आई गेली की संध्याकाळी हातपाय धुऊन बसायचं कुणासमोर? हे ताईने सांगायची गरज नव्हती. या माणसाच्या आयुष्यात सगळे लोक त्याचं पहिलं वाक्य ऐकून उठले होते. दुसरं वाक्य ऐकणारी एकच व्यक्ती होती, आणि तीच नेमकी चोरीच्या मालावर बसलेली निघाली.

तरी पुढच्या सुट्टीच्या दिवशी भावजींनी दोन फिटर बोलावले. भिंतीच्या आधी एक व्हॉल्व्ह बसवला आणि पाइपाला घराबाहेरून एक वळसा घातला. वळशाला कापसासारखी जाड गुंडाळी गुंडाळली, वर पत्रा ठोकला. ऊब बाहेर पडायची सोय नाही. आता सगळाच्या सगळा तोटा, अगदी ताजा, गरमागरम, टॉवरला पोचणार होता. काम झालं तेव्हा फिटर म्हणाले, "साहेब, असा बंदोबस्त आम्ही वाफेच्या पाइपालाही केला नव्हता." भावजी हसले नाहीत.

दुपारपर्यंत भिंत निवली. आईने तिच्यावर तळहात ठेवला, तापकऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा. थोडा वेळ ठेवला. मग काढला.

"गेली," ती म्हणाली. जावयाकडे पाहिलंसुद्धा नाही. "छोट्याला फोन लाव गं."

मी गेलो, खोटं कशाला सांगू, उड्या मारत गेलो. एवढ्या वर्षांनी माझी पाळी आली होती. बायकोने नवी उशी आणली होती. क्वार्टर्सच्या दारात ओल्या रजया घेतलेल्या बायका उभ्या होत्या आणि त्यांतल्या दोघी रडत होत्या. त्या आईसाठी रडत होत्या की रजयांसाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आईची बॅग भावजींनी स्वतः गाडीपर्यंत आणली. खिडकीशी उभे राहिले.

"आई, तो पडद्याचा विषय अर्धा राहिला..."

"राहू दे," आई म्हणाली.

गाडी सुटली. मी मागे वळून पाहिलं तर भावजी तसेच उभे होते, आणि त्यांच्या मागे फाटकातून आत येणाऱ्या ट्रकला वाट नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमसमोर गेले. हे सगळं मला नंतर कळलं, आणि सांगणारा वॉचमन असल्यामुळे त्यात थोडं कुत्र्याचं कौतुक होतं, ते मी वगळतो.

"मॅडम, तूट भरली."

मॅडमनी आकडे पाहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिले. "काय केलंत?"

"वळसा घातला. आता तोट्यातला एक कणही वाया जात नाही."

"काय वाया जात नाही?"

"तोटा."

मॅडमनी चष्मा पुन्हा काढला. "म्हणजे जे फेकून द्यायचं होतं, ते तुम्ही सुखरूप उकिरड्यापर्यंत पोचवलंत."

भावजी आधी मान डोलावून बसले आणि मग थांबले.

"अहो, मी शोधा म्हटलं होतं. वाचवा कुठे म्हटलं? हिशेब लागत नव्हता एवढंच; तूट कुठे येते ते कळलं असतं तर मी गप्प बसले असते. आता तो टॉवरचा पंखा बघा. कालपासून जोरात फिरतोय. त्याला वीज लागते. तुमची भिंत ते काम फुकटात करत होती."

"भिंत नाही मॅडम. सासूबाई."

"काय?"

भावजींनी सगळं सांगितलं. रजया, रांग, खिळे. मॅडम ऐकत ऐकत सरळ बसल्या.

"निळी शाल होती का त्यात?"

"होती. कोपऱ्यात."

"ती माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "कामवाल्या बाई कुठे वाळवतात ते मी विचारलं नव्हतं. आज ती ओली आलीय." आणि मग, जरा थांबून, "व्हॉल्व्ह उघडा."

व्हॉल्व्ह उघडायला कितीसा वेळ लागतो? भिंत संध्याकाळी पुन्हा उबदार झाली. पण नुसती भिंत असून चालत नाही हे लगेच कळलं. बायका रजया घेऊन आल्या आणि पहिल्या खिळ्यावरून जुंपली. तान्हं मूल म्हणजे किती महिन्यांपर्यंतचं? सर्दी हा आजार धरायचा का? पिळलं म्हणजे किती पिळलं? वर्षानुवर्षं एकमेकींकडे विरजण मागायला जाणाऱ्या दोघी एका उशीच्या अभ्र्यावरून बोलेनाशा झाल्या. ताईने सगळ्यांना बाहेर काढून दार लावून घेतलं. भिंत तापलेली आणि मोकळी, तिची ऊब शोषायला एकही ओली रजई नाही, म्हणून टॉवरचा पंखा पुन्हा जोरात.

ताईचा मला फोन आला. "अरे, हे भिंतीशी बोलायला लागलेत."

"बोलू दे की. भिंतीला कान असतात."

"असतील. पण ती मधे मधे 'अगंबाई' म्हणत नाही ना! मग हे थांबतात, वाट बघतात. मला बघवत नाही रे."

इकडे माझ्या घरी वेगळीच तऱ्हा. आई खोलीच्या मधोमध खुर्ची ठेवून बसे. कशालाच टेकत नसे. गरम पाण्याच्या पिशव्या झाल्या, हीटर झाला. शेवटी एका सकाळी बायको बाजारात गेल्यावर मी भिंतीला इस्त्री केली. खरंच केली. ओलं फडकं लावून, नीट, कडेपर्यंत. मग म्हटलं, "आई, आता टेक बरं."

आईने टेकून पाहिलं. "कडक झालीय," ती म्हणाली, "पण ऊब नाही हो." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "छान केलीस रे. एकही सुरकुती नाही."

"तिकडची भिंत गरम झालीय म्हणे पुन्हा," मी पडेल आवाजात म्हणालो.

"मला भिंतीने नाही घालवलं. जावयाने घालवलं. त्यांना माझ्यापेक्षा तोटा जवळचा."

मी इस्त्री उचलून आत ठेवली.

आणि मग एका दुपारी भावजी आले. दारात चप्पल काढताना एवढा वेळ लावला, की शेजारच्याने डोकावून पाहिलं. आत आले, खुर्चीच्या काठावर बसले. गाडीला गर्दी होती म्हणाले. मग गाडीला गर्दी नव्हती म्हणाले. चहा आला. चहा गरम आहे म्हणाले. बोलायला आलेला माणूस, ज्याला गप्प कसं करावं हा आम्हा सगळ्यांचा जन्माचा प्रश्न, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. आई खिडकीबाहेर पाहत होती. बायकोने मला डोळ्यांनी "काहीतरी बोल" असं खुणावलं, मी तिला डोळ्यांनीच "तूच बोल" असं खुणावलं.

"मग त्या पडद्याचं काय झालं?" आई म्हणाली.

"कुठल्या?" भावजींनी हातातला कप खाली ठेवला.

"कुठल्या काय? सेलमधल्या. भोकं फार बारीक ठेवली तर वीज अडते, मोठी ठेवली तर दोन्ही वायू एकमेकांत मिसळून घोटाळा होतो, इथवर आला होतात तुम्ही. मग करतात काय?"

माझ्या नाकातून चहा बाहेर आला. ती झोपत नव्हती! इतकी वर्षं डोळे मिटून बसलेली ही बाई शब्दन् शब्द ऐकत होती. मी तिचा मुलगा. माझ्या ऑफिसचं नाव तिला अजून नीट सांगता येत नाही.

भावजींनी खुर्ची पुढे ओढली. पडदा पातळ करतात, पण भक्कम ठेवतात, हे सांगितलं. प्लेटा पडद्याला अगदी टेकवून बसवतात, म्हणजे विजेची वाट कमी होते, हे सांगितलं. "आणि मग बुडबुडे? ते मागच्या बाजूने सुटत असतील," आई म्हणाली, आणि भावजी टाळी वाजवून उठलेच. आम्ही दोघांनी तेवढ्यात जेवून घेतलं. आम्ही परत आलो तेव्हा भावजींचा आवाज खाली आला होता.

"आई, मी चुकलो. तोटा वाचवायला गेलो आणि..."

"ते कळलं मला. एकच सांगा. मी पाठ टेकली, पोरांची दुपटी वाळली, तरी त्याला तोटाच म्हणायचं का?"

दुसरा जावई असता तर त्या क्षणी "छे छे" म्हणाला असता. भावजींनी विचार केला. प्रामाणिकपणे, कपाळाला आठ्या घालून, केवढा तरी वेळ. "पाणी फोडायच्या कामी आली नाही ना ती वीज? मग शास्त्राप्रमाणे तोटाच."

बायकोने कपाळाला हात लावला.

"आणि तुमच्याप्रमाणे?"

"माझ्याप्रमाणे..." भावजींनी चहाचा रिकामा कप उचलला, पाहिला, खाली ठेवला. "तुम्ही गेल्यापासून सेल उत्तम चाललेत. आकडे बरोबर आहेत. पण आई, घरी तोटा झालाय."

आई उठली. "छोट्या, बॅग काढ," ती म्हणाली. नव्या उशीचा अभ्रासुद्धा अजून चुरगळला नव्हता.

आता तिकडे सगळं यथास्थित आहे. मॅडमनी कारखान्याचा नकाशा नव्याने काढून घेतला. त्यात सेल आणि टॉवर यांच्यामध्ये एक छोटा चौकोन आहे. त्यात काय लिहावं यावर नकाशा काढणारा अडून बसला होता. नुसतं "भिंत" लिहिलं तर अपुरं, आणि "सासूबाई" लिहिलं तर वरचे लोक विचारतील कुणाच्या. शेवटी त्याने "सहायक शीतक" असं लिहिलं. आईने ते चष्मा लावून वाचलं आणि शेजारणींना बोलावून दाखवलं.

त्रास एवढाच, की आईला चार दिवस आमच्याकडे आणायचं तर आता मला कारखान्याला फोन करावा लागतो.

"सध्या नाही जमणार हो," मॅडम परवा म्हणाल्या. "टॉवरच्या पंख्याची नुकतीच दुरुस्ती झालीय, तो हळूच चालवायचाय. बराचसा भार त्यांच्यावरच आहे."

"अहो, पण ती माझी आई आहे!"

"कल्पना आहे मला. बदली कोण देताय?"

मी फोनवर हात ठेवून बायकोकडे पाहिलं. आई आली की बायकोला तिच्याशी निवांत गप्पा मारायच्या होत्या. ती म्हणाली, "तूच जा की. इथे असून तरी काय करतोस? भिंतींना इस्त्री?"

तेव्हा आई सध्या माझ्या घरी आहे आणि मी ताईच्या स्वयंपाकघरात आहे. डावीकडे एक ओली रजई, उजवीकडे दोन, आणि सर्दी हा आजार धरायचा की नाही यावर दोन बायका माझ्या तोंडाकडे बघत उभ्या आहेत. समोर भावजी पाटावर बसून पहिल्या तोट्यापासून सुरू झालेत. पाठीला ऊब आहे, हे मात्र मान्य करायला हवं. एवढ्यात आईचा फोन आला.

"काय गं, बरी आहेस ना?"

"मी मजेत आहे. पण मॅडमचा फोन आला होता मला. पंखा फार जोरात फिरतोय म्हणाल्या. नीट टेकून बस रे."